खर्जाची पेटी

किंग्स्टनच्या या गल्लीत चाळीस वर्षं मी पेट्या केल्या.
कपड्यांच्या नव्हेत. मढ्यांच्याही नव्हेत,
तशा दोन केल्या, पण ते ओळखीपोटी.
माझ्या पेट्या आवाजाच्या.
खांद्याइतक्या उंच, अठरा इंची स्पीकर
पोटात घेऊन भिंतीला टेकून बसणाऱ्या.

पहिली जोडली त्या रात्री
शेजारच्या पत्र्याच्या कुंपणातले खिळे
एकेक करून बाहेर आले,
आणि मिस मर्टलची कोंबडी अंड्यांवरून उठली
ती तीन दिवस परत बसली नाही.
मर्टलनं माझा उद्धार केला.
मी म्हटलं, बाई, कान कशाला झाकताय?
हा कानांकडे जातच नाही.

सगळ्यात भारी बेस कुणाचा,
यावरून कोपऱ्यावरच्या रमच्या दुकानात दात पडलेत.
माझे नाहीत, एग्बर्टचे.
तरी सांगतो.

व्हर्नल कफी.
उसाच्या चरकानं तर्जनी खाल्ली,
म्हणून अंगठ्यानं वाजवायचा.
सूर बोथट, गोल,
ओल्या मातीत नीरफणस पडावा तसा.
तीन पायऱ्या उतरायचा,
चौथीवर तुम्ही पाय टाकायचात आणि पायरीच नसायची.
तेवढा एक क्षण सगळं अंगण अधांतरी,
हातातले ग्लास, बायकांचे झगे, पोलीससुद्धा.

मिस आयसिल्डा बोग.
चर्चमध्ये, पडद्यामागे बसून,
कारण बाईमाणसानं ते मांडीवर घेणं
बरं दिसत नाही म्हणे.
दोनच सूर. धुणं पिळावं तसे,
एक इकडे, एक तिकडे, पाणी निथळेपर्यंत.
पाद्री घाम पुसत म्हणायचा,
आज पवित्र आत्मा जमिनीतून वर आला!
जमिनीतून आयसिल्डा आली होती.
तिची एकही रेकॉर्ड नाही.
मी तिसऱ्या बाकावर होतो, एवढाच पुरावा.

आणि लॅसेल्स.
लॅसेल्स पिनॉक, ज्यानं माझा रंधा नेला
आणि परत दिला नाही.
गाण्यामागे ठरलेले डॉलर, जेवणाआधी सहा गाणी,
पाकिटावर नाव गाणाऱ्याचं.
तारा कधी बदलल्या नाहीत त्यानं.
मळ साचू दे, म्हणायचा,
मळ म्हणजे आवाजाचं मांस.
समेवर हात उचलून धरायचा.
पहिली मात्रा साऱ्या जगाची आहे,
तिथं मी कशाला गर्दी करू?
मग यायचा, जरासा मागून.
उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा ओशाळून नव्हे,
घरमालकासारखा,
किल्ली ज्याच्याच खिशात आहे.

तो टोरांटोला गेला, बर्फात बस चालवायला.
एकदा मध्यरात्री फोन.
म्हणाला, सिग्नलला थांबलं की इंजिन एकच सूर धरतं रे,
तानपुऱ्यागत.
छे, तानपुरा तो कुठला म्हणेल,
त्यानं दुसरंच काही म्हटलं होतं,
मला आता शब्द आठवत नाही, घरघर आठवते.
त्यावर मी वाजवतो, म्हणाला.
प्रवाशांना कळत नाही,
पण म्हाताऱ्या बायका मान हलवतात.
नंतर फोन त्याच्या मुलीचा आला.

काल नातू, ओशेन, ओट्यावर बसून
फोनवर जुनं गाणं लावून होता.
गाणारा छान. गिटार टिचटिच. झांजा.
म्हटलं, यात लॅसेल्स आहे.
कुठंय? म्हणाला.
मी कान लावला.
खरंच नव्हता.
नखाएवढी जाळी ती, तिच्यातून तो कसा मावणार?
सबंध माणूस दाराबाहेर उभा,
आणि आत त्याच्याच घरात जेवणं चाललेली.

मी टेबलावर तळहाताची टाच टेकवली.
थांबलो. पहिली मात्रा जाऊ दिली.
मग दिला.
लाकडानं घेतला. ते माझंच होतं,
उरलेल्या प्लायचं.
चमचा बशीत हलला.

ओशेन बघत राहिला.
म्हणाला, आजोबा, तुम्ही मागे पडताय.
म्हटलं, थांब,
अजून थोडा मागे.